शुक्रवारचा सुजित

मुरुड, कोळीवाडा
१२ जून २०२५

चि. हेमांगी हिला केसरमावशीचे आशीर्वाद.

तुझी आई, माझी बहीण, असती तर तिच्याकडे तुझी तक्रार केली असती. ती नाही, म्हणून थेट तुलाच लिहिते. तुमच्या मालिकेत काल चौथी जुळी जोडी आली. मी बोटांवर मोजली. आधी ती नायिका आणि तिची जत्रेत हरवलेली बहीण. मग सासरा आणि त्याचा तुरुंगातला भाऊ. मग तो डॉक्टर, त्याचा भाऊ चोर निघाला. आणि आता धाकटा दीर दारात उभा, नि त्याच्यासारखाच दुसरा बॅग घेऊन पायरीवर. अगं, आमच्या अख्ख्या कोळीवाड्यात चाळीस वर्षांत जुळी झाली ती दोनदा. एकदा शेजारच्या ठमीच्या नणंदेला आणि एकदा मला. तुमच्या त्या एका बंगल्यात काय विहिरीच्या पाण्यात काही आहे का?

ठमी माझ्या शेजारी बसून बघते. ती म्हणाली, "टीवी हाय तो, तेच्यात काय बी होतं." मी म्हटलं, काय बी होऊ दे, पण आईला स्वतःचं पोर ओळखता येऊ नये?

दुसरी तक्रार अशी की तू संवाद लिहून पाठवते म्हणालीस आणि गेले तीन आठवडे काही आलं नाही. माझा उजवा कान गेलाच आहे, डाव्यात यंत्र घातलं की पंखाच मोठ्याने ऐकू येतो. फोनवर नुसता आवाज कळत नाही. माझे विनेश आणि सुजित परदेशातून व्हिडिओवर दिसतात, त्यांचे ओठ मला वाचता येतात, कारण बोलायला लागल्यापासून मी ते बघत आले आहे. तुमची टीव्हीतली माणसं मात्र महत्त्वाचं सगळं भिंतीकडे तोंड करून बोलतात. एकाच बाईने दोन्ही बहिणींचं काम केलंय, मी टिकलीवरून ओळखायची, तर मंगळवारी दोघींची टिकली सारखीच. त्या दिवशी मी वाईट बहिणीसाठी रडले.

बाकी ठीक आहे. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर ओढून ताडपत्र्या घातल्या आहेत. बाप्ये घरात, त्यामुळे बायकांना बाहेर पडायला सवड नाही आणि ठमीशिवाय माझ्याकडे कुणी येत नाही. ऑपरेशनचा धागा अजून थंडीत ओढतो, पण चालते फिरते. विनेशचा फोन सोमवारी येतो, सुजितचा शुक्रवारी, दोघेही रात्री आठच्या आधी. उरलेले पाच दिवस मी तुझी मालिका बघते, तेव्हा ती जरा नीट लिहीत जा.

तुझी
केसरमावशी


मालाड
२१ जून २०२५

ती. केसरमावशीस नमस्कार.

तुझी तक्रार मान्य. मागच्या तीन आठवड्यांचे संवाद सोबत पाठवते आहे, मोठ्या अक्षरात छापून. भिंतीकडे तोंड करून बोलतात ते दिग्दर्शकाला सांगितलं, तो म्हणाला मावशींना सेटवरच बसवू.

जुळ्यांचं मात्र ऐक. मी खरंच एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, शंभरेक बाळंतपणांत एखादं जुळं होतं, आणि त्यातही हुबेहूब सारखी निघणारी थोडी. एका घरात चार जोड्या म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा हे खोटं आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कारखाना असा चालतो की एखाद्या नटाला आम्ही जूनमध्ये मारतो आणि जुलैमध्ये लोकांची पत्रं येतात की तो परत हवा. मेलेला माणूस कसा परत आणणार? त्याला भाऊ असतो, सारखाच दिसणारा, आजवर कुणी न पाहिलेला. नवा चेहरा आणला की लोक महिनाभर रुसतात. जुना चेहरा नव्या नावाने आणला तर त्याच संध्याकाळी त्याला आपला मानतात.

मला वाटतं लोकांना मनातून तेच हवं असतं. एक गेला तरी तसाच दुसरा समोर असावा. तू म्हणशील, ही मुलगी स्वतःच्या धंद्याची वकिली करते आहे. करते. मी इथे एकटी राहते, दिवसभर दोन दोन माणसांचं बोलणं स्वतःच मोठ्याने म्हणून बघते, आणि शेजारच्यांना वाटतं माझ्याकडे पाहुणे आहेत.

औषधं वेळेवर घे. थंडीत धागा ओढतो म्हणालीस, तर गावातल्या डॉक्टरांना एकदा दाखव. जूनमध्ये कसली थंडी?

तुझी
हेमांगी


मेल
२१ जून २०२५

विनेश,

शुक्रवारचं सोबत जोडलं आहे. या वेळी लहान ठेवलंय. सुजितच्या बोटीवरचा नवा आचारी बंगाली आहे आणि तो सगळ्यात साखर घालतो, यावर दोनेक मिनिटं जातील. मग ठमीकाकीच्या म्हशीची चौकशी. कतारची कंपनी पासपोर्ट सोडत नाही हे पुन्हा सांगू नकोस, मागच्या महिन्यात दोनदा झालं.

मावशीचं पत्र आलं होतं. मालिकेत जुळी फार झाली म्हणून रागावली आहे. वाचताना मी हसले, आणि मग ते पत्र पालथं ठेवलं. सुजितला जाऊन सोळा महिने झाले, विनेश. तिची बायपास होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते, डॉक्टर म्हणाले धक्का देऊ नका, आणि तू गुजरातेत त्याचं सगळं उरकून आलास तेव्हा मीच म्हटलं की महिनाभर तू दोघांचे फोन कर. तिला ऐकू येत नाही, चेहरा तोच आहे, बोलायचं काय ते मी लिहून देते. महिनाभर म्हणालो होतो आपण, मग त्याला गुजरातेतून कतारच्या बोटीवर नोकरीही लावून दिली, म्हणजे तो घरी का येत नाही ते तिने विचारायला नको. मुरुडात सगळ्यांना माहीत आहे, ठमीकाकीने घराघरांत जाऊन तोंडं बंद केली आहेत. एकटी तीच तेवढी राहिली.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुला टीव्हीवरून कळण्याआधी मीच सांगते. चॅनेलला चौथ्या जोडीची गोष्ट हवी होती. मला काही सुचेना, मी आपली दिली. धाकटा दीर मरतो, आणि त्याचा भाऊ त्याचा शर्ट घालून आईसमोर बसतो. लिहिताना माझा हात एकदाही थांबला नाही. तू शिव्या दिल्यास तर मी ऐकून घेईन.

ताई


मेल
२४ जून २०२५

ताई,

शिव्या देत नाही. पण ते काढून टाक. काढता येत नसेल तर मालिकेतल्या त्या आईला लवकर मरू दे. तिला तशी बसवून ठेवू नकोस.

शुक्रवारी तिकडच्या साडेसातला मी सुजितचा निळा टी-शर्ट घालतो. इथे शारजात माझ्या खोलीत दोघे आहेत, एक केरळचा आणि एक रत्नागिरीचा. त्यांना वाटतं शुक्रवारी मी देवाचं काहीतरी करतो, ते बाहेर जातात. फोन झाल्यावर मला जेवण जात नाही. सोमवारी माझ्या नावाने फोन करतो तेव्हा बोलायला काही उरलेलंच नसतं. हो, नाही, जेवलो, ठेवतो. ती पण लगेच ठेव म्हणते.

मला आता हे जमत नाही. गणपतीला रजा मिळाली आहे, २५ ऑगस्टला मुरुडला पोचतो. समोर बसून सांगणार. हॉस्पिटल जवळ असेल असं काहीतरी तू बघून ठेव.

भीती एकच आहे, त्याआधी ती दोघांनी एकदम या म्हणेल.

विनेश


मुरुड, कोळीवाडा
१६ जुलै २०२५

चि. हेमांगी हिला आशीर्वाद.

संवाद मिळाले. आता निदान कोण कोणाला मारायला निघालंय ते कळतं. तू पाठवलेले कागद मी टीव्हीखाली ठेवते आणि एक डोळा वर, एक खाली असं चालतं. ठमीला वाटतं मी परीक्षेला बसले आहे.

मागच्या आठवड्यात धाकटा दीर मेला. मग त्याचा भाऊ त्याचा चौकड्याचा शर्ट घालून आईपुढे येऊन बसला आणि आईने त्याला जवळ घेतलं. त्या दिवसाचे संवाद तू पाठवले नाहीस. टपालात गहाळ झाले असतील. मला एवढंच सांग, त्या आईला कळलंय की नाही? मला तर वाटलं कळलंय. त्याला जवळ घेताना तिने शर्टाची गुंडी नीट लावली, आणि तोंडाकडे पाहिलंच नाही. ज्याला कळलं नसेल तो आधी तोंडाकडे बघेल ना? ती काम करणारी बाई कोण आहे? तिला मुलं असावीत.

जुळी म्हणजे एका साच्यातली दोन भांडी, एक फुटलं तर दुसरं फळीवर आहेच, असं तुम्हा लिहिणाऱ्यांना वाटतं. तू मागच्या पत्रात तसंच लिहिलं होतंस, एक गेला तरी तसाच दुसरा समोर. माझे पोटात होते तेव्हासुद्धा एक लाथा मारायचा आणि एक गप्प असायचा. सुजित आधी आला तो केकाटतच. विनेश पाव तासाने आला आणि रडेचना. सुईणीने पाय धरून उलटा केला, तेव्हा एकदाच ओरडला आणि परत गप्प झाला. चौतीस वर्षं झाली, दोघेही अजून तसेच. लोक रस्त्यात दोघांना एकमेकांच्या नावाने हाका मारायचे, आणि मला हसू यायचं की यांना डोळे आहेत की नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं असं की त्या आईला कळलंय. पण कळलंय हे तिला बोलायला लावू नका. त्या मुलाला रोज येऊन बसू दे. एवढं माझ्यासाठी कर.

विनेश सोमवारी म्हणाला की गणपतीला येतोय. बरं झालं. सुजितला मी परवा सांगते, तू नंतर सवडीने ये. दोघांना एकदम झोपायला जागा नाही, पडवीत सुकटीच्या गोण्या आहेत.

तुझी
केसरमावशी


मालाड
२४ जुलै २०२५

ती. केसरमावशीस नमस्कार.

ते संवाद गहाळ झाले नाहीत, मीच पाठवले नव्हते. सोबत आहेत. वाचशील तेव्हा कळेल की आम्ही लिहिलंय त्यात त्या आईला काहीच माहीत नाही. गुंडी लावायचंही कुणी सांगितलं नव्हतं, बाईंनी आपल्या मनाने लावली असेल. तू म्हणालीस ते मी त्यांना सांगितलं. त्यांना एक मुलगा आहे, अमेरिकेत असतो.

पण तुझं मागणं माझ्या हातात नाही, मावशी. चॅनेलने ठरवलंय की गणपतीच्या आठवड्यात आईला कळायचं. मोठा प्रसंग हवा आहे. आरती चालू असताना तिच्या हातातून ताट पडणार, सगळे तिच्याकडे वळणार, आणि मग ती बोलणार. काय बोलणार ते मी लिहायचं आहे. आठ दिवस झाले, माझ्याकडून एक ओळ होत नाही. जे लिहिते ते खोटं वाटतं.

तू जुळ्यांची आई आहेस, म्हणून तुला विचारते. अशा बाईला कळल्यावर ती पहिल्यांदा काय बोलेल? ज्यांनी तिच्यापासून लपवलं त्यांना ती काय म्हणेल?

विनेश यायचा आहे तेव्हा मीही येते दोन दिवस. त्याला तुझ्याशी काही बोलायचं आहे. लग्नाचं वगैरे नाही. तू घाबरू नकोस, पण तोवर जपून राहा, गोळ्या चुकवू नकोस.

तुझी
हेमांगी


मुरुड, कोळीवाडा
३१ जुलै २०२५

चि. हेमांगी,

तू विचारलंस ती पहिल्यांदा काय बोलेल. ती काही बोलणार नाही. ताट वगैरे पडत नाही. माझ्या हातात तेव्हा तुझ्याकडचा चहाचा कप होता आणि मी तो सगळा पिऊन संपवला. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. कप तूच घेऊन गेलीस.

ऑपरेशननंतर मी तुझ्या घरी होते तेव्हाचं सांगते आहे. विनेश मला भेटून कंपनीचं बोलावणं आलं म्हणून घाईने गेला होता. पंधराएक दिवसांनी सोमवारी त्याचा पहिला फोन आला. डोक्याला टोपी, आणि मिशी नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गरमी लय हाय आये, म्हून काढली." मला वाटलं असेल. मिशी नव्हती म्हणून ओठ उलट बरे वाचता येत होते. मग शुक्रवारी सुजितचा फोन आला. त्याच्याही डोक्याला टोपी, आणि त्यालाही मिशी नाही.

मोठी झाल्यावर माझ्या पोरांना मी बिनमिशीचं एकदाच पाहिलं होतं. यांचा बाप गुणाजी गेला तेव्हा, दहाव्याला. आपल्यात बाप्या मिशी उतरवतो ती कुणाची क्रिया केली म्हणजे, उगाच नाही. बाप तर आधीच गेलेला. आई मेली म्हणावं तर ती जिवंत बसून चहा पीत होती. मग या दोघांनी कुणाचं सुतक धरलं होतं? मी तोंडं मोजत बसले, आणि आमच्या घरात उरलेली तोंडं किती कमी आहेत ते मला त्या दिवशी कळलं. विनेशला वाटलं चेहरा तोच आहे म्हणजे झालं. दहावा करून त्याच तोंडाने तो माझ्यापुढे सुजित होऊन बसला. मेलेला स्वतःचं सुतक कसं धरेल, एवढं तुम्हा दोघांनाही सुचलं नाही.

तरी मी मनाला सांगत होते की नसेल. मग मी बोलायला लागले आणि तो ऐकत राहिला. सुजितने जन्मात कधी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, हेमांगी. अर्ध्यातच त्याचं सुरू व्हायचं. शुक्रवारचा माणूस माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबला.

तू विचारतेस ज्यांनी लपवलं त्यांना ती काय म्हणेल. मी तुमच्यावर रागावले आहे. आधी नव्हते, तुम्ही माझ्या जिवासाठी केलंत. पण सोळा-सतरा महिने तुम्ही मला माझ्या मुलासाठी रडू दिलं नाहीत. रडताना आपला आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही. घरात रडले तर ठमीला ऐकू जाईल, ठमी तुला कळवेल, आणि फोन बंद होतील. म्हणून मी दुपारी बोंबील वाळत घालतात त्याच्या पलीकडे खडकापाशी जाते. तिथे लाटांचा आवाज मोठा असतो असं लोक म्हणतात. समोरून बाया टोपल्या घेऊन येतात, मी तोंड पुसते, त्या म्हणतात वारा लय हाय, मी म्हणते व्हय. त्यांना सुजितचं माहीत, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत. गाव भरून माणसं आहेत आणि सुजितचं नाव कुणाजवळ काढायची सोय नाही.

मग मी बोलले का नाही, तर शुक्रवारसाठी. मी बोलले असते तर शुक्रवारी मला कुणाचाच फोन नव्हता. सुरुवातीला एवढंच होतं. पण नंतर दुसरंच झालं. सोमवारचा विनेश हो-नाही करून फोन ठेवतो, तो पहिल्यापासून तसा. शुक्रवारी मात्र तो मला विचारतो, आये जेवलीस का, काय केलं होतंस, एकटीला भीती वाटते का. विनेश माझ्याशी कधी इतकं बोलला नव्हता. चौतीस वर्षांत नाही. मला वाटलं, सुजितचं नाव काढून घेतलं तर हा परत गप्प होईल. एक तर गेलाच आहे, मग दुसराही गेल्यासारखाच. म्हणून मी सुजित म्हणत राहिले. यात मी चुकले असेन, तर चुकले.

तू मालिकेत काय लिहायचं ते लिही. मी यापुढे चार जोड्यांवरून भांडणार नाही, हव्या तर आठ आण.

आणि मला एक गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. माझा मुलगा कसा गेला? कुठे, कुठल्या वेळेला, त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं? हे तू लिहून देऊ नकोस, तू फार छान लिहितेस. ज्याने पाहिलं त्याला विचार. उद्या शुक्रवार आहे. उद्या मी त्याला काही बोलणार नाही, कारण हे पत्र तुला मिळायला चार दिवस जातील आणि त्याने ते आधी वाचावं असं मला वाटतं.

तुझी
केसरमावशी


शारजा
९ ऑगस्ट २०२५

आये,

ताईने तुझ्या पत्राचा फोटो बुधवारी पाठवला. मी हे मेलवर लिहून तिला देतो आहे, ती छापून तुला टाकेल. तिने वाचलं तरी चालेल, तिलाही यातलं थोडं कळायला हवं. मी याआधी तुला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे मागेपुढे होईल.

तू विचारलंस कसा गेला. गुजरातेतल्या बंदरात, सकाळी सातच्या सुमाराला. मालाची बार्ज आणि तिला ओढणारी टग बोट यांच्यामधला दोरखंड बदलत होते, थंडीत फळी ओली होती, त्याचा पाय सुटला आणि तो दोन्हींच्या मधे पडला. पाऊण तासात वर काढला. बरोबरचे म्हणाले पडल्यावर ओरडला नाही, लगेच गेला असावा. डोक्याला मागे लागलं होतं, तोंडाला काही नव्हतं. मी संध्याकाळी पोचलो. तोंडात पाणी मी घातलं. तुळशीचं पान तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने आपल्या दारातून आणून दिलं, तिची भाषा मला येत नव्हती. अग्नी मी दिला. दहावा तिथेच खाडीच्या काठावर केला, आणि राख समुद्रात सोडली. सोमवारी तू विचारलंस, तरी शुक्रवारी मिशीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. फोन लावताना मी मुंडण केलेलं डोकं टोपीत नीट झाकलंय का तेवढंच आरशात बघितलं होतं.

त्याच्या खिशात बोरलीच्या बाजारात घेतलेलं नेलकटर होतं आणि एसटीचं तिकीट. ती माझ्याकडे आहेत, घेऊन येतो.

आता दुसरं. ताईने शुक्रवारसाठी लिहून दिलेलं मी पहिले दोन महिने वाचलं. त्यानंतर तिने मेलला जोडलेलं शुक्रवारचं मी उघडलंसुद्धा नाही. ताई, रागावू नकोस. आये, तुला एकटीला भीती वाटते का, हे ताईने लिहिलं नव्हतं. मला इथे पहाटे उठल्यावर छातीत दडपतं म्हणालो, ते माझं होतं. तू केलेलं आंबट घालून बोंबलाचं कालवण आठवलं की मी जेवणावरून उठतो म्हणालो, तेही. सुजित हे बोलला असता तर त्यात काही विशेष नव्हतं, तो सगळंच बोलायचा. त्याचं नाव घातलं की मला लाज वाटायची नाही. फोन ठेवल्यावर मात्र वाटायचं की तू हे सगळं त्याच्या खात्यावर जमा करते आहेस, आणि मी काही बोलायचाच राहिलो. तुला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

काल शुक्रवार होता, आणि नारळी पौर्णिमा. तिकडे सगळे नारळ घेऊन किनाऱ्यावर गेले असतील, आणि तू वेळेवर घरी येऊन फोनसमोर बसली असशील. मी निळा टी-शर्ट घातला, मग काढला. माझा घातला. फोन हातात घेऊन तिकडचे आठ वाजेपर्यंत बसलो आणि केला नाही. कुणाच्या नावाने करू ते कळेना. तू वाट बघत असशील हे माहीत असून केला नाही, हे तुला सांगितलं पाहिजे.

२५ तारखेला येतोच आहे. तेव्हा खडकाकडे जायचं नाही, घरात बसून रडू, ठमीकाकीला ऐकू गेलं तर जाऊ दे.

त्याआधी पुढच्या शुक्रवारी फोन करतो, विनेश म्हणून. काय बोलणार ते मला अजून ठाऊक नाही. बहुतेक काही बोलता येणार नाही. मी गप्प राहिलो तर फोन ठेवू नकोस.

तुझा
विनेश